कांजिण्या आणि नागीण: घरी काय करावं, डॉक्टरकडे कधी पळावं

कांजिण्यांचा संसर्ग पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच सुरू होतो आणि शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत टिकतो. तोवर शाळा बंद. अंघोळ थांबवू नका. कोमट पाण्याने घाला, टॉवेलने न घासता टिपून घ्या. नखं कापा, कारण खाजवलेले फोड पिकतात आणि व्रण राहतात. तापाला पॅरासिटामॉल वजनानुसार. अ‍ॅस्पिरिन मुळीच नको, मुलांच्या मेंदूला आणि यकृताला धोका असतो. आयबुप्रोफेनही टाळा. धाप, गुंगी, सततच्या उलट्या दिसल्या तर थेट दवाखाना. गर्भवतीला कांजिण्या झालेल्या कुणाकडून संसर्ग झाल्याची शंका आली, तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे.

हाच विषाणू मज्जातंतूंत दबा धरून बसतो आणि पुढे नागीण म्हणून उठतो. ‘तोंड-शेपूट जुळलं की माणूस दगावतो’ हे खोटं. ती बहुधा अंगाच्या एकाच बाजूला येते. लेप, मंत्र यांत वेळ घालवू नका: विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळा धोक्यात असू शकतो.

कांजिण्यांची लस: मुलांना दोन डोस, पहिला साधारण 15व्या महिन्यात, गर्भारपणात नाही. नागिणीची लस वेगळी, पन्नाशीनंतर, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा.