स्टेटला पहिले आठ कोण? ब्रॅकेट वाचायची माझी पद्धत

स्टेटचा, म्हणजे अमेरिकेतल्या हायस्कूल कुस्तीच्या राज्य स्पर्धेचा, अंदाज लिहायला बसलेला माणूस पहिलं नाव विजेत्याचं लिहितो. मी आठव्यापासून सुरू करते. विजेता पुष्कळदा सगळ्यांनाच माहीत असतो. खरी परीक्षा असते ती पाचवा, सहावा, सातवा, आठवा कोण हे सांगण्यात, कारण ही नावं एकदा हरलेल्यांच्या बाजूने वर येतात आणि ब्रॅकेटची, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्या तक्त्याची, ती बाजू फारसं कुणी वाचतच नाही.

माझा मुलगा न्यू जर्सीत हायस्कूलसाठी कुस्ती खेळतो आणि त्याच्या संघाची स्कोअरबुक मी लिहिते. माहेर कराडजवळचं, मामा तालमीतले, त्यामुळे पट, मोळी, ढाक हे शब्द लहानपणापासून कानावर होते. इथली कुस्ती मात्र मला नव्याने शिकावी लागली. ज्यांची मुलं यंदा पहिल्यांदाच मॅटवर उतरली आहेत, त्या आईबाबांसाठी हे लिहिते आहे.

आधी नियमांपैकी कामापुरतं. अमेरिकन शाळांत ऑलिंपिकची फ्रीस्टाइल चालत नाही, फोकस्टाइल चालते. दोन-दोन मिनिटांचे तीन पिरियड. इथे ताब्याला फार महत्त्व. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन ताबा मिळवला की टेकडाउन, खालचा सुटला की त्याला १ गुण, खालच्याने उलटवून स्वतः ताबा घेतला तर २. टेकडाउनला पूर्वी २ गुण होते, २०२४-२५ च्या हंगामापासून ३ झाले. हे लक्षात ठेवाच, कारण त्याआधीचा ५-४ आणि आजचा ५-४ एका मापाने मोजता येत नाही. पंधराची आघाडी झाली की टेक फॉल, कुस्ती तिथेच संपते. आणि चितपट तर कधीही होऊ शकते.

न्यू जर्सीत मुलगा आधी डिस्ट्रिक्ट खेळतो, मग रिजन, आणि तिथून अटलांटिक सिटीच्या बोर्डवॉक हॉलला जातो. आठ रिजन, प्रत्येकातून पहिले चार, म्हणजे एका वजनगटात ३२ जण. मुलांचे वजनगट १४, १०६ पौंडांपासून २८५ पर्यंत. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात शाळांच्या आकारानुसार दोन वर्ग आहेत, आयोवात तीन. आमच्याकडे वैयक्तिक स्पर्धेत एकच वर्ग: चारशे मुलांच्या शाळेतला पोरगा आणि बड्या कॅथलिक शाळेतला पोरगा एकाच ब्रॅकेटात. म्हणूनच आमच्याकडे आठवा क्रमांकसुद्धा मोठा मानतात, आणि मानायलाच हवा.

बेरीज आणि अंतर

सीडिंगवर, म्हणजे स्पर्धेआधी ताकदीनुसार दिलेल्या क्रमांकांवर, वाद घालण्याआधी एक साधी बेरीज शिकून घ्या. सीडप्रमाणेच निकाल लागत गेले तर पहिल्या फेरीत समोरासमोर येणाऱ्या दोन सीडची बेरीज ३३ असते. दुसऱ्या फेरीत १७, उपांत्यपूर्व फेरीत ९, उपांत्य फेरीत ५, अंतिम फेरीत ३. म्हणजे १ विरुद्ध ३२, ८ विरुद्ध ९, ४ विरुद्ध ५, २ विरुद्ध ३.

एवढं कळलं की अर्धे वाद आपोआप गळून पडतात. चौथा सीड कुणाला आणि पाचवा कुणाला यावर लोक घसा सुकेपर्यंत भांडतात. अहो, ते दोघे उपांत्यपूर्व फेरीत एकमेकांशीच खेळणार आहेत! आठवा आणि नववा यांचंही तसंच. पहिला की दुसरा, हा तर सगळ्यांचा लाडका वाद, पण फार तर उपांत्य फेरीत समोर तिसरा येतो की चौथा, एवढाच त्यात फरक.

भांडायचं तर तिसरा-चौथा, पाचवा-सहावा, सातवा-आठवा यांवर भांडा. या जोड्यांत जागा बदलली की मुलगा ब्रॅकेटच्या एका अर्ध्यातून दुसऱ्या अर्ध्यात जातो. अव्वल पैलवान बाकीच्यांच्या फार पुढे असेल, तर सातव्याचा आठवा होणं म्हणजे उपांत्यपूर्व फेरीतच भिंतीसमोर उभं राहणं. त्याहून मोठा घोळ होतो तो दुखापतीमुळे रिजनला चौथा आलेला तगडा मुलगा खाली कुठे तरी चौदावा-पंधरावा लागतो तेव्हा. त्याचं नुकसान होतंच, पण ज्या तिसऱ्या किंवा दुसऱ्या सीडच्या वाट्याला तो येतो, त्या बिचाऱ्याने काय पाप केलं? अशी नावं शोधून काढणं हे सीडिंगच्या चर्चेतलं सगळ्यात उपयोगी काम आहे.

आता अंतर. या खेळात ब्लड राउंड नावाची एक फेरी आहे. कन्सोलेशनमधली, म्हणजे एकदा हरलेल्यांच्या बाजूची, अशी लढत, की जिंकलात तर पहिल्या आठांत, हरलात तर बॅग भरा. प्रत्येक मुलगा या फेरीपासून किती दूर आहे ते मोजा.

जो उपांत्य फेरीत पोहोचला तो किमान सहावा, त्याची जागा पक्की. जो उपांत्यपूर्व फेरीत हरला त्याला पोडियमसाठी, म्हणजे पहिल्या आठांत येण्यासाठी, एकच विजय हवा. दुसऱ्या फेरीत हरलेल्याला सलग तीन हवेत. पहिल्याच फेरीत हरलेल्याला सलग चार. म्हणून माझ्या दृष्टीने पहिल्या दोन फेऱ्यांतली सर्वांत मोलाची लढत म्हणजे आठवा विरुद्ध नववा. जिंकणारा पुढच्या फेरीत पहिल्या सीडकडून सपाटून हरला तरी पोडियमपासून एका विजयावर उभा असतो. हरणाऱ्याला तीन डोंगर चढायचे असतात. त्या लढतीचा अंदाज नीट बांधा, बाकीचं पुष्कळ त्यातून सुटतं.

कागदावर मी असं करते. वरची, म्हणजे न हरलेल्यांची, बाजू उपांत्य फेरीपर्यंत पेन्सिलने भरते, चार नावं मिळतात. मग उपांत्यपूर्व फेरीत हरणारे चार बाजूला काढते. मग खालची बाजू एकेक फेरी भरत जाते आणि तिथून उरणारे चार त्यांच्यासमोर मांडते. हरलेले खालच्या बाजूला पुष्कळदा विरुद्ध अर्ध्यात टाकतात, लगेच तीच जोड पुन्हा लागू नये म्हणून. तेव्हा बाण कुठे जातोय ते बोट ठेवून बघा, अंदाजाने टाकू नका. चार ब्लड राउंड लढती हातात आल्या की सगळा वेळ त्यांना द्या.

या चारही लढतींत वरून आलेल्यालाच जिंकवणं सोपं असतं, पण मी किमान एक जागा खालून आलेल्याला देते. वरून आलेला मुलगा नुकताच हरलेला असतो, अंतिम फेरीचं स्वप्न तुटल्याचा चेहरा घेऊन तो मॅटवर येतो. खालून आलेला दोन-तीन कुस्त्या जिंकून, अंग तापवून आलेला असतो. त्याला गमवायचं काहीच नसतं.

पुरावा कशाला म्हणायचं

सीड ठरवणाऱ्या समितीसमोर आणि तुमच्यासमोरही ढोबळमानाने तेच कागद असतात: आमनेसामने झालेल्या लढती, दोघांचे समान प्रतिस्पर्धी, रिजनमधला क्रमांक, गेल्या वर्षीची कामगिरी, यंदाचा जय-पराजयाचा एकूण हिशेब. यात एकूण हिशेबाला मी शेवटची जागा देते. ३४-२ हा आकडा देखणा दिसतो, पण कुणाविरुद्ध? डिसेंबरात डेलावेअरच्या बीस्ट ऑफ द ईस्टला, ओहायोतल्या आयर्नमनला किंवा पिट्सबर्गजवळच्या पॉवरेडला, अशा तगड्या स्पर्धांना जाऊन चार वेळा हरलेला २८-६ चा मुलगा मला जास्त भरवशाचा वाटतो. विजय कुणाविरुद्ध, यापेक्षाही हार कुणाकडून आणि किती गुणांनी, हे आधी बघा.

आमनेसामनेची लढत असेल तर तारीख बघा. डिसेंबरातला मुलगा आणि फेब्रुवारीतला मुलगा यांत फरक पडतो, विशेषतः नववी-दहावीत, जेव्हा अंग भरत असतं. तेव्हा दोघे कोणत्या वजनात होते तेही बघा. वरच्या गटातून उतरून आलेला पहिल्या दिवशी राक्षसासारखा वाटतो, पण रोज सकाळी वजन द्यावं लागतं, आणि तिसऱ्या दिवशी तोच तिसऱ्या पिरियडमध्ये गुडघ्यांवर हात ठेवून उभा असतो.

समान प्रतिस्पर्ध्यांच्या बाबतीत नुसता निकाल पुरत नाही, तो निकाल कसा आला ते वाचायला शिका. माझ्या वहीतली दोन पानं सांगते. एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध आमच्या रिजनमधल्या दोन मुलांनी कुस्ती जिंकली. पहिल्याची नोंद अशी: पहिल्या पिरियडमध्ये टेकडाउन, ३. दुसऱ्यात स्वतः खाली बसला, वीस सेकंदांत सुटला, १. तिसऱ्यात वर, पूर्ण दोन मिनिटं ताबा, समोरचा उठूच शकला नाही. ४-०. दुसऱ्याची: चार टेकडाउन, पण चारही वेळा समोरचा सुटला, वर शेवटी याच्यावरच एक टेकडाउन बसला. १२-७. आकड्यांत दुसरा पाच गुणांनी जिंकला, पहिला चारने. ब्लड राउंडमध्ये मी डोळे मिटून पहिल्याला निवडीन. ज्याला खालून सुटता येतं आणि वर राहून दाबून ठेवता येतं, तो दमलेल्या अंगानेही कुस्ती काढतो. नुसत्या पटांवर जगणाऱ्याचे पाय तिसऱ्या दिवशी जड झाले, की त्याच्याकडे दुसरं काही उरत नाही.

याच कारणासाठी जुलैत फार्गोच्या राष्ट्रीय स्पर्धेत फ्रीस्टाइलमध्ये मिळवलेलं पदक मी जपूनच वापरते. तिथे खाली अडकलात तर थोड्या वेळात पंच उभं करतात. इथे तसं कुणी उभं करत नाही.

अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, आणि क ने अ ला, असा तिढा तुम्हाला दर वर्षी एखाद्या तरी वजनात सापडेल. तो गोल गोल फिरून सुटत नाही. आमनेसामने सरळ बाजूला ठेवा, पुढच्या निकषावर या आणि तिघांनाही तोच निकष लावा. आपल्या शाळेच्या पोरासाठी एक निकष आणि दुसऱ्याच्या पोरासाठी दुसरा, असं करायचं असेल तर मग चर्चेला बसूच नये.

रिजनच्या निकालात सोडून दिलेली लढत दिसली तर तिला हार समजू नका. स्टेटची जागा पक्की झाल्यावर दुखरा खांदा वाचवायला प्रशिक्षक मुलाला तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाची लढत खेळू देत नाहीत. सीड घसरतो, ताकद घसरत नाही. उलटही खरं आहे. सीड भक्कम असतो आणि शरीर साथ देत नसतं. पेनसिल्व्हेनियातल्या हर्षी गावी, तिथल्या स्टेटला, २०१७ साली १२६ पौंडांच्या अंतिम लढतीत स्पेन्सर ली उतरला तेव्हा हायस्कूलमध्ये तो १४४-० होता. गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला होता. ऑस्टिन डीसँटोने अगदी शेवटच्या क्षणी टेकडाउन घेतला आणि ६-५ ने कुस्ती मारली. हाच ली पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक घेऊन आला. त्यामुळे रिजनच्या चित्रफिती जरूर बघा, आणि बघताना गुण मोजत बसू नका. मुलगा कोणत्या पायावर पट काढायला जातो, पडल्यावर कोणता हात जवळ घेतो, पट्टी कुठे बांधली आहे, ते बघा.

दुसरं टोकही आहेच. आमच्या शेजारच्या साउथ प्लेनफील्डचा अँथनी अॅश्नॉल्ट हायस्कूलची चार वर्षं १७०-० राहिला आणि चारही वर्षं स्टेट जिंकला. असा कुणी वजनात असेल तर त्याचं नाव लिहा आणि पुढे चला. तिथे हुशारी दाखवायला जाऊ नका.

मुलींच्या ब्रॅकेटला मात्र वेगळे डोळे लावा. न्यू जर्सीत मुलींची स्वतंत्र स्टेट स्पर्धा २०१९ ला सुरू झाली, खेळ झपाट्याने वाढतोय, पण अनेक मुलींच्या वर्षभराच्या कुस्त्या कमी असतात आणि समान प्रतिस्पर्धी क्वचित सापडतात. तिथे मी आकड्यांपेक्षा प्रत्यक्ष पाहिलेल्या कुस्तीवर विसंबते. जी ज्युडोतून आली आहे तिच्या नावापुढे तर खूण करूनच ठेवते.

पेनसिल्व्हेनियाने वर्षानुवर्षं समितीऐवजी रिजनच्या क्रमांकांवरून आधीच ठरलेला ड्रॉ चालवला. दोन बलाढ्य पोरं पहिल्या दिवशीच भिडली तर तो नशिबाचा भाग. काहींना हे स्वच्छ वाटतं, कुणाची ओळखपाळख चालत नाही म्हणून. मला समिती बरी वाटते. आमच्या गावच्या जत्रेत फडावर जोड लावणारी जाणती माणसं असत, आणि जोड चुकीची लागली तर भर मैदानात त्यांना जाब विचारला जाई. माणसांनी ठरवलेलं असलं की निदान जाब तरी विचारता येतो.

आणि तो विचारताना मुलाचं नाव घेऊन त्याला कमी लेखू नका. बोर्डवॉक हॉलमध्ये तुमच्या पुढच्या रांगेत त्याची आजी बसलेली असू शकते. "हा आठवा कसा काय?" असं म्हणू नका. "याच्यापेक्षा त्याचा समान प्रतिस्पर्ध्यांवरचा हिशेब चांगला आहे" असं म्हणा. मुद्दा तोच राहतो आणि ऐकणाराही ऐकून घेतो.

अंदाज स्पर्धेच्या पहिल्या दिवशी, गुरुवारी, पहिली शिट्टी वाजायच्या आत लिहून, फोटो काढून सगळ्यांना पाठवा. नंतर खोडाखोड नाही. गुण देण्याची आमची रीत अशी: नाव पहिल्या आठांत आलं तर १, क्रमांक एकाने चुकला तर २, अचूक आला तर ३. विजेत्यासाठी जादा काही नाही. सोळाव्या सीडच्या खालून उचललेला मुलगा पोडियमवर चढला तर त्याचे वेगळे २. बरोबरी झाली तर ज्याने ब्लड राउंडचे जास्त निकाल बरोबर सांगितले तो पुढे. त्यासाठी त्या चार लढतीही लिहून घ्यायला विसरू नका, प्रत्येक वजनाच्या, चौदाही वजनांच्या.