फॅक्टरी एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडाच कसा ठेवायचा

भाऊ, आवाज पायजे म्हणून सायलेन्सर कापू नका, आधी गाडीखाली मफलरजवळ बघा, काही गाड्यांत कंपनीकडूनच एक्झॉस्टमधी व्हॉल्व्ह (झडप) असतो, तो उघडला की आवाज वाढतो. तो व्हॅक्यूमवाला, म्हणजे इंजिनच्या हवेच्या ओढीवर चालणारा असंल तर छोटी गोल डबी अन् तिला लागलेली रबरी नळी दिसते. बहुतेक अशा गाड्यांत व्हॅक्यूमनं व्हॉल्व्ह बंद होतो अन् स्प्रिंगनं उघडतो, म्हणजे नळी काढली की तो उघडाच राहतो. एक्झॉस्ट पूर्ण थंड होऊ द्या, नागपूरच्या मे महिन्यात तर जास्तच थांबा. काढलेल्या नळीचं तोंड रबरी बुचानं घट्ट बंद करा, हेच लोक विसरतात अन् मग व्हॅक्यूम लीक होऊन आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनचं चालणं) बिघडतं. मोटरवाला (विजेच्या मोटरीनं उघडणारा) व्हॉल्व्ह असंल तर त्याचा वायरचा प्लग ओढू नका, चेक इंजिन लाइट लागू शकतो, व्हॉल्व्ह उघडायला गाडीचा स्पोर्ट मोडच वापरा. आवाजासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली चालान होतं, अन् नागपूरच्या धंतोलीत जिकडंतिकडं हॉस्पिटलं आहेत, तिकडं जायच्या आधी नळी परत लावाच.