भेंडाचा तरंगा आणि गळाचं घरगुती सामान

तरंगा तरंगतो, यात त्याचं काही कौतुक नाही. नारळ तरंगतो, रिकामी बाटलीही तरंगते. गळाच्या दोरीला बांधलेला, मासा लागल्याचं सांगणारा तरंगा चांगला कधी, तर तो बुडायच्या अगदी बेतात असतो तेव्हा. मासा आमिष तोंडात घेऊन निघतो आणि वरून काहीतरी ओढतंय असं त्याला जाणवलं की तो आमिष थुंकतो. दुकानातला फुगीर रंगीत तरंगा इथेच मार खातो. तो पाण्यावर ऐटीत बसतो, पण त्याला खाली न्यायला चिलापीसारख्या माशाला फार जोर लावावा लागतो. घरी केलेला तरंगा आपल्या वजनाला जुळवून घेता येतो, आणि घरी करायचं खरं कारण हेच आहे. पैसे वाचतात ते वेगळंच.

सातारा-सांगलीकडे विकत घ्यायच्या वस्तू दोनच: गळ आणि तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. गळ घरी वाकवायच्या भानगडीत पडू नका. टाचणी वाकते तशीच सरळही होते, आणि सुई वाकवायला गेलं की तुटते. नेहमीच्या माशांना 0.25 ते 0.30 मिलिमीटर जाडीची तंगूस पुरते. शिवडा किंवा मरळ मनात असेल तर 0.40 च्या पुढची घ्या. दुकानात उन्हात टांगलेलं रीळ घेऊ नका, उन्हाने तंगूस कडक होते. हातभर तंगूस काढून मध्ये साधी गाठ मारा आणि ओढून बघा. सहज तुटली तर रीळ परत ठेवा.

बाकीचं सामान आजूबाजूलाच असतं. माण-खटाव, जत-आटपाडीकडे शाळूचा कडबा, वाळवा-कराडकडे उसाचा तुरा, मिरजेच्या पूर्व भागातल्या पानमळ्यांत शेवरी. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्हची नळी आणा, आणि मोटर रिवायंडिंगवाल्याकडून जळक्या तांब्याच्या तारेचा वीतभर तुकडा मागून घ्या. तो तार भंगारात वजनावर विकतो, पण एवढ्या तुकड्याचे पैसे सहसा मागत नाही.

भेंडाचा तरंगा

ज्वारीच्या धाटातल्या ज्या पांढऱ्या भेंडाच्या बैलगाड्या पोरं करतात, तेच भेंड. शाळू निघाल्यावर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चनंतर, चांगलं वाळलेलं धाट मिळतं. पेंढीतून करंगळीपेक्षा थोडं जाड, सरळ धाट निवडा. आत तांबूस रेघा किंवा भोकं दिसली तर ते खोडकिड्याने पोखरलेलं आहे, गुरांपुढे टाका.

1. दोन पेरांच्या मधलं 8 सेंटिमीटरचं कांडं कापा. वरची साल नखाने सुटी करून लांब पट्ट्यांत सोला. सालीची कड ब्लेडसारखी कापते, त्यामुळे पट्टी बोटांत धरून सरकन ओढू नका.

2. आतलं भेंड 6 सेंटिमीटर लांब आणि साधारण 1 सेंटिमीटर जाड राहील असं बारीक पॉलिशपेपरने घासा. खालचं टोक निमुळतं करा. हात हलका ठेवा, कारण भेंड दाबलं की तिथे कायमचा खड्डा पडतो.

3. खराट्याची 16 सेंटिमीटरची काडी मधोमध आरपार घाला. आधी जाड सुईने वाट करून घ्या, नाहीतर भेंड फाटतं. काडी वर 3 सेंटिमीटर दिसावी आणि खाली 7. खालची लांब काडी तरंग्याला उभं धरते. दोन्ही तोंडांना पाण्यात न सुटणारा फेविकॉल किंवा अॅराल्डाइट लावून रात्रभर ठेवा.

4. आता महत्त्वाचं काम, पाणी आत जाऊ न देणं. कोरडं भेंड टिपकागदासारखं पाणी पितं. नीट बंद केलं नाही तर तरंगा हळूहळू खाली जाऊ लागतो आणि तुम्ही मासा समजून ओढत बसता. नेलपॉलिशचे तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात पुरता वाळल्यावर पुढचा. मेणही चालतं, पण ते थेट गॅसवर वितळवू नका. वाटीत मेण घालून वाटी गरम पाण्यात ठेवा.

5. वरची काडी रंगवा. सगळे लाल लावतात, आणि सकाळी तो चांगलाच दिसतो. पण दुपारनंतर नदी समोरून चकाकते तेव्हा लाल, पिवळा सगळे रंग मावळतात आणि काळं टोक स्पष्ट दिसतं. म्हणून एक लाल आणि एक काळा, असे दोन तरंगे करून ठेवा. खालचा भाग रंगवण्यात वेळ घालवू नका.

6. व्हॉल्व्हच्या नळीचे अर्ध्या सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा. तंगूस आधी दोन्ही तुकड्यांतून ओवा, मग एक तुकडा काडीच्या वरच्या टोकावर आणि दुसरा खालच्या टोकावर चढवा. तरंगा जागेवर घट्ट राहतो, आणि गळ किती खोल सोडायचा ते बदलायचं झालं तर गाठ न सोडता वर-खाली सरकतो.

बादलीतलं काम

हे काम काठावर करायचं नाही, घरीच करायचं. बहुतेक जण नेमकं हेच टाळतात.

1 सेंटिमीटर जाड आणि 6 सेंटिमीटर लांब भेंडाचं आकारमान साधारण 4.7 घन सेंटिमीटर भरतं. तेवढं पाणी बाजूला सारलं की 4.7 ग्रॅमचा उचल मिळतो. काडी, रंग आणि भेंडाचं स्वतःचं वजन वजा केलं तर हा तरंगा तीन-साडेतीन ग्रॅम पेलतो. आता लोखंडी नट घ्या. ज्याला 10 नंबरचा पाना लागतो तो 6 मिलिमीटरचा नट सुमारे अडीच ग्रॅमचा असतो. 7 नंबरच्या पान्याचा 4 मिलिमीटरचा नट एक ग्रॅमलाही थोडा कमी भरतो. लोखंडाचं वजन पाण्यात सुमारे एक अष्टमांश घटतं, म्हणून दोन्ही मिळून पाण्यात तीन ग्रॅमच्या आसपास येतात. सुरुवात या जोडीपासून करा.

बादली काठोकाठ भरा. तरंगा, नट आणि गळ जसे नदीत असणार तसेच बांधून सोडा. भेंड वर दिसत असेल तर वजन कमी आहे. मग नटाच्या वर तांब्याच्या तारेचे वेढे द्या आणि भेंड पुरतं बुडून काडीचं वरचं एक सेंटिमीटर उरेपर्यंत वाढवत जा. जास्त झालं तर तार कात्रीने थोडी थोडी कापा. शेवटच्या वेढ्याला तरंगा एकदम दोन बोटं खाली जातो, म्हणजे बारीक काडीला किती थोडं वजन पुरतं ते तिथेच कळतं. माशाचंही असंच होतं, त्याने नुसतं तोंड लावलं तरी टोक हलतं.

जुळलेला तरंगा, नट आणि तार यांचा एकच संच समजा. तो कागदात गुंडाळून वर वजन लिहून ठेवा. एकाचा नट दुसऱ्याला लावला की बादलीतली मेहनत वाया.

दुसरं काय चालतं

उसाचा तुरा शेतकऱ्याला नको असतो, आपल्याला हवा असतो. त्याचा दांडा हलका, सरळ आणि वरून गुळगुळीत असतो, त्यामुळे घासायचं काम नाही. वीतभर कापायचा, दोन्ही तोंडं अॅराल्डाइटने बंद करायची, झाला तरंगा. संथ पाण्यासाठी, म्हणजे तळ्यात किंवा बंधाऱ्याच्या फुगवट्यात, मला हा भेंडापेक्षाही आवडतो. मोरपिसाचा दांडा सगळ्यांत नाजूक काम देतो आणि मुळातच पाणी पीत नाही, पण पीस गळून पडलेलंच घ्यायचं.

वाहत्या पाण्याला मात्र हे सगळे कमी पडतात. तिथे जुनी फोमची चप्पल काढा. टाचेकडचा जाड भाग कापून लिंबाएवढा गोळा करा, तापवलेल्या सळईने मध्ये भोक पाडा आणि कान साफ करायच्या काडीची पोकळ नळी त्यात बसवा. चप्पल पाणी पीत नाही आणि दगडावर आपटली तरी फुटत नाही. शेवरीच्या लाकडाचाही असाच तरंगा होतो, फक्त त्याला वॉर्निश लागतं.

थर्माकोल मी सुचवणार नाही. नेलपॉलिश किंवा ऑइलपेंट लावला की तो विरघळतो, आणि त्याचे दाणे सुटून नदीभर पसरतात.

वजन आणि गाठी

शिसं वितळवून वजनं ओतायची पद्धत जुनी आहे, पण घरात ते करू नका. शिशाची वाफ आणि धूळ पोरांच्या अंगात गेली तर मेंदूवर परिणाम होतो. काठावर शिशाची गोळी दातांनी दाबायची सवयही तितकीच वाईट. नट आहेत, वायसर आहेत. तळाला बसणारं जड वजन हवं असेल तर गॅरेजमधला जुना स्पार्क प्लग आणा, किंवा गुळगुळीत गोटा सायकलच्या ट्यूबच्या पट्टीत आवळून बांधा.

नट तंगुशीत सरळ ओवायचा नाही, त्याच्या कडा तंगूस कातरतात. तंगुशीला गळाच्या वीतभर वर एक छोटा फास ठेवा आणि नट त्या फासाला साध्या सुती दोऱ्याने बांधा. दोरा मुद्दाम कच्चा हवा. कृष्णा-कोयनेच्या पात्रात कातळाच्या भेगा आहेत, पुरात वाहून आलेल्या बाभळीच्या फांद्या आहेत. नट अडकला की दोरा तुटतो, नट जातो, पण गळ, तरंगा आणि लागलेला मासा परत येतो.

गळ बांधायला एकच गाठ पक्की शिका. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवून बोटभर बाहेर काढा. ते टोक मूळ तंगुशीभोवती पाच-सहा वेळा पिळा. मग डोळ्याजवळ जो छोटा फास तयार होतो त्यातून टोक घाला, आणि त्यामुळे झालेल्या मोठ्या फासातूनही परत काढा. थुंकी लावून ओली करा आणि सावकाश आवळा. कोरडी आवळली तर घर्षणाने तंगूस तापते आणि गाठीपाशीच कमजोर होते. उरलेलं टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा.

काठीला दहा-बारा फुटांचा वाळलेला वेळू उत्तम. तंगूस नुसती शेंड्याला बांधून सोडू नका. ती शेंड्याला दोन वेढे देऊन काठीच्या कडेने मुठीपर्यंत आणा आणि तिथे बांधा. मोठ्या माशाने शेंडा मोडला तरी दोरी हातात राहते. काठी नको असेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हेच रीळ. तंगूस बाटलीभोवती गुंडाळायची, बाटलीचं तोंड पाण्याकडे धरायचं आणि दुसऱ्या हाताने वजन फिरवून सोडायचं. वेढे आपोआप निसटत जातात.

धोम किंवा कण्हेर धरणासारख्या खोल पाण्यात काठीच्या लांबीपेक्षा जास्त खोली लागते. तिथे चपलेचा नळीवाला तरंगा तंगुशीवर मोकळा सोडा. हव्या त्या खोलीवर तंगुशीला सुती दोऱ्याची बारीक गाठ मारा आणि गाठीखाली तुटक्या माळेचा एक मणी ओवा. फेकताना तरंगा खाली वजनाशी असतो. पाण्यात पडल्यावर तंगूस त्यातून सरकते आणि मणी गाठीला अडला की थांबते.

काठावर जाण्याआधी

धरणांच्या जलाशयात मासेमारीचा ठेका बहुधा संस्थांकडे असतो, तेव्हा आधी विचारून घ्या. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ न्यायचाच नाही. औदुंबर, वाईसारख्या देवाच्या घाटांवरही नको. पावसाच्या तोंडाला मासे अंडी घालायला वर चढतात, तेव्हा त्यांच्या वाटेला जाऊ नका.

सांगलीच्या वर भिलवडी, औदुंबर, डिग्रजपासून खाली हरिपूरपर्यंत कृष्णेत मगरी आहेत. पाण्यात पाय सोडून बसणं, गुडघाभर पाण्यात उभं राहणं, मासे काठावरच साफ करून आतडी पाण्यात टाकणं, यांतलं काहीही करू नका. अंधार पडायच्या आत उठा. उन्हाळ्यात मादी काठाच्या मातीत अंडी घालते, तेव्हा तिच्या जागेजवळ फिरकणं जास्तच धोक्याचं. कोयनेच्या पात्रात आणि कराडच्या संगमाखाली धरणातून पाणी सोडलं की पातळी चढते, म्हणून मधल्या कातळावर जाऊन बसायचा मोह नको. लांब काठी घेऊन चालताना वर विजेच्या तारा बघा, ओला वेळू वीज वाहतो.

तरंगा काय सांगतो

रोहू-कटल्याला शेंगपेंड आणि कणकेचा गोळा, चिलापी आणि शिंगट्याला गांडूळ. खोली अशी ठेवा की आमिष तळाला जेमतेम टेकेल.

चिलापी टोक टकटक हलवते आणि मग तिरकी नेते. तिरकं जायला लागलं की ओढा. शिंगटा सरळ खाली नेतो, त्याला विचार करायला वेळ देऊ नका. रोहू बहुधा बाजूला चालू लागतो, तरंगा बुडत नाही, नुसता सरकतो. मृगळ तळाचा मासा आहे. तो आमिष तोंडात घेऊन वर उठतो तेव्हा वजनाचा भार तरंग्यावरून सुटतो आणि काडी बुडण्याऐवजी उंच येते, कधी आडवीही पडते. नवखे इथे बुडायची वाट बघत बसतात आणि मासा निघून जातो. काडी वर आली की लगेच मनगटाने छोटा हिसका द्या, खांद्याने नाही.

आणि टोक सारखं थरथरतंय पण कुठेच जात नाहीये, तर खाली बारकी पिलं आमिष कुरतडताहेत. गळ आणि गोळा दोन्ही एक माप लहान करा, किंवा दहा पावलं पुढे सरका.