सीलबंद बॅटरी बदलून घेताना
फोनची मागची बाजू उचलली गेलेली दिसली, तर चार्जिंग तत्काळ थांबवून फोन बंद करावा आणि फुगलेली बॅटरी दाबू अथवा टोचू नये, कारण लिथियम-आयन सेल पेट घेऊ शकतो. पूर्वी नखाने झाकण उघडून घरीच बॅटरी बदलता येई. आता ती गोंदाने चिकटवलेली असते, आणि थोड्या पातळपणासाठी ग्राहकाची ती सोय जावी, हे मला पटत नाही. पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत दुरुस्तीस जाण्यापूर्वी शक्य असल्यास बॅकअप घ्यावा. नवी बॅटरी फोनच्या मॉडेल क्रमांकाशी ताडून पाहावी आणि पाणी रोखणारी चिकटपट्टी नवी लावण्यास आवर्जून सांगावे, कारण फोन उघडताना जुनी निकामी होते. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्यावी.