परदेशातील पोलीस नेतृत्व प्रशिक्षण: पुण्यातील अधिकाऱ्याने तयारी कशी करावी

परदेशातील प्रशिक्षणासाठी निवड झाली की व्हिसा आणि तिकिटांची धावपळ सुरू होते; परंतु सहायक आयुक्त किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने सर्वांत आधी आपल्या हद्दीतला एक नेमका प्रश्न लिहून काढावा. ‘नेतृत्वगुण विकसित करणे’ हा असा प्रश्न नव्हे. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरची गर्दी धोकादायक होऊ लागली, तर मागून येणारे लोक रोखण्याचा आदेश कोणी, कशाच्या आधारे आणि किती मिनिटांत द्यावा, हा खरा प्रश्न आहे. तो हाती असेल तर प्रत्येक व्याख्यान आणि प्रत्येक भेट उपयोगी पडते.

परवानग्यांकडे दुर्लक्ष करू नये. पोलीस महासंचालक कार्यालय आणि गृह विभाग यांची मंजुरी लागतेच. शिवाय खर्च परदेशी संस्था करणार असेल, तर परकीय योगदान नियमन कायदा, 2010 च्या कलम 6 नुसार केंद्र सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक असते. अमेरिकेतील क्वांटिको येथील, 1935 मध्ये सुरू झालेल्या एफबीआय नॅशनल अकादमीसारख्या सुमारे दहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला थेट अर्ज करता येत नाही, तेथे नामनिर्देशनानेच प्रवेश मिळतो.

निघण्यापूर्वी यजमान देशाच्या पोलीस दलाची रचना समजून घ्यावी. इंग्लंड आणि वेल्समध्ये 43 प्रादेशिक दले आहेत, तर अमेरिकेत पोलीस यंत्रणांची संख्या सुमारे 18,000 असून त्यांतील बहुसंख्य स्थानिक आहेत. तेथील शहराचा पोलीसप्रमुख आपल्या अंदाजपत्रकासाठी नगर परिषदेला सामोरा जातो आणि बरीचशी भरती स्वतःच्या दलासाठी करतो. आपल्याकडे पोलीस हा राज्यसूचीतील विषय आहे आणि पुण्याच्या आयुक्तांना अधिकारी राज्याच्या बदली आदेशाने मिळतात. हा फरक लक्षात न घेता तिकडची मनुष्यबळाची पद्धत इकडे सुचवणारा अहवाल फाईलमध्येच राहतो.

तेथे गेल्यावर यशोगाथांपेक्षा अपयशांच्या चौकशी अहवालांची मागणी करावी, कारण नेतृत्वाची परीक्षा तेथे स्पष्ट दिसते. 15 एप्रिल 1989 रोजी इंग्लंडमधील शेफिल्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावर बाहेरची गर्दी कमी करण्यासाठी एक दरवाजा उघडण्याचा आदेश दिला गेला. मात्र आधीच भरलेल्या मधल्या भागाकडे नेणारा बोगदा बंद केला गेला नाही, आणि त्या दुर्घटनेत एकूण 97 जणांचा जीव गेला. सोलमधील इटेवॉन येथे 29 ऑक्टोबर 2022 च्या रात्री झालेल्या चेंगराचेंगरीत एकूण 159 जणांचा बळी गेला. चेंगराचेंगरीच्या सुमारे पावणेचार तास आधीपासून धोक्याची सूचना देणारे दूरध्वनी पोलिसांकडे येत होते. म्हणून यजमान अधिकाऱ्यांना विचारावे: असा दूरध्वनी आला, तर तो निर्णय घेणाऱ्यापर्यंत किती टप्प्यांनी पोहोचतो? मधला अधिकारी स्वतःच्या जबाबदारीवर रस्ता बंद करू शकतो का? हाच प्रश्न पुढे आपल्या नियंत्रण कक्षालाही विचारायचा आहे.

वर्गाबाहेरचा वेळ शक्यतो गस्तीवरील शिपायासोबत घालवावा. वरिष्ठांचे आदेश खाली कसे पोहोचतात, हे त्याच्याइतके स्पष्ट कोणी सांगत नाही.

विनिमय दोन्ही बाजूंनी व्हायला हवा. परदेशी अधिकारी पुण्यात आले तर त्यांना सीसीटीव्हीचे पडदे दाखवून पाठवणी करू नये; मंडळांसोबतची उत्सवपूर्व बैठक, मोहल्ला समितीचे काम आणि पालख्यांच्या मुक्कामाचा बंदोबस्त यांतून त्यांना शिकण्याजोगे पुष्कळ आहे. मंडळाच्या अध्यक्षांशी सामंजस्याने मार्ग आणि वेळ ठरवण्याचे आपल्या निरीक्षकांचे कौशल्य कोणत्याही प्रशिक्षण केंद्राने अभ्यासावे असे आहे, आणि आपण ते पुरेसे लिहून ठेवलेले नाही.

परतल्यावर संपूर्ण शहरासाठी योजना मांडण्याचा मोह टाळावा. एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत, एका बंदोबस्तात, एकच बदल करून पाहावा. उदाहरणार्थ, चौकातील निरीक्षकाला ठरावीक निकषांवर गर्दी थोपवण्याचा लेखी अधिकार द्यावा आणि नंतर अंमलदारांसह बसून काय घडले ते नोंदवावे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमानुसार या दर्जाच्या अधिकाऱ्याचा एका ठिकाणचा सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा असतो, त्यामुळे हे पहिल्याच उत्सवात करावे. ती नोंद पुढील वर्षाच्या बंदोबस्त आराखड्याला जोडून घ्यावी आणि तिची एक प्रत नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीकडे पाठवावी, म्हणजे बदली झाली तरी नवा अधिकारी त्याच नोंदीपासून पुढे जाईल.