बोलणं गेलेल्या माणसासाठी चित्रांची कार्डं कशी करायची

मोठ्या स्ट्रोकनंतर काही जणांचं बोलणं, लिहिणं, वाचणं आणि दुसऱ्याचं बोललेलं समजणं, जवळजवळ सगळंच एकदम जातं, त्याला ग्लोबल अफेजिया म्हणतात. पण माणूस आतून तोच असतो हो, त्याची आवडनिवड, राग, लाज सगळं शाबूत असतं. १९७६ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर आणि सहकाऱ्यांनी अशा पेशंटना कार्डांवरच्या चित्रांतून सूचना समजायला, प्रश्नांची उत्तरं द्यायला शिकवलं होतं, काहींना ते जमलंही, तेव्हा प्रयत्न नक्की करा.

आधी मोबाईलवर फोटो काढा, आणि ते आपल्या पेशंटच्याच वस्तूंचे. त्यांचा चष्मा, त्यांचं पांघरूण, त्यांचा नेहमीचा कप. नेटवरचं कपाचं रेखाचित्र आपल्याला कळतं, त्यांना कळेलच असं नाही. मागे पसारा नको, तळहाताएवढी प्रिंट काढा, खाली ठळक एक शब्द लिहा.

सुरुवातीला दोनच कार्डं, आणि ती शेजारी-शेजारी न ठेवता एकाखाली एक, थोडी डावीकडे ठेवा. मेंदूच्या डाव्या भागाला इजा असली की बऱ्याच जणांना उजवीकडचं दिसतच नाही आणि आपण म्हणत बसतो की यांना काही समजत नाही.

आता खरा कप दाखवा, मग कपाचं कार्ड. पांघरुणाचंही तसंच. मग "काय हवं?" असं एकदाच विचारा आणि थांबा. मनात दहा आकडे मोजा, लागले तर वीस, कारण त्यांचा हात उठतो, पांघरुणावर जातो, परत कपाकडे वळतो, मध्येच थांबतो, आणि त्याच क्षणी आपण घाईत कप हातात दिला की संपलंच सगळं. कार्डावर बोट ठेवलं की ती वस्तू लगेच द्या आणि चेहरा बघा. "हो" म्हणायचंय आणि मान नाही अशी हलते, हे फार वेळा होतं, म्हणून कार्डांची जागा बदलून परत एकदा विचारा.

"चमचा कुठाय, दाखवा बरं" अशी परीक्षा कृपा करून घेऊ नका. लहान मुलासारखं वागवलेलं त्यांना कळतं आणि मग ते कार्डाकडे बघायचंच सोडतात. उलट तुम्हीच कार्डं वापरा, आंघोळीला न्यायच्या आधी आंघोळीचं कार्ड दाखवून बोला.

जमायला लागलं की दुखतंय, टॉयलेट, घरच्यांचे फोटो अशी वाढवत जा आणि "यातलं काहीच नको" हे कार्ड अजिबात विसरू नका. चित्रांतून बोलायचं मोबाईल अ‍ॅप घ्यायची घाई नको, आधी स्पीच थेरपिस्टला ही कार्डं दाखवा, पुढचं कोणतं जोडायचं ते बघून सांगतील.