गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचं धुकं मॉडेलात उतरेना

जानेवारीच्या पहाटे म्हादई नदीकाठच्या कुळागरांत (सुपारी-नारळाच्या बागांत) धुकं बसलेलं, आणि माझं डब्ल्यूआरएफ, म्हणजे संगणकावरचं हवामानाचं मॉडेल, तिथे वारा खेळवत होतं! ३ किलोमीटरच्या ग्रिडमध्ये (मॉडेल नकाशाचे जे चौकोन पाडतं त्यांत) दरी उरलीच नव्हती, म्हणून आत १ किलोमीटर आणि ३३३ मीटरच्या ग्रिड बसवल्या. तरी धुक्याला लागणारी गार हवा दरीच्या तळाशी साचेना. दोन रात्री रेडिएशनवर (रात्री जमीन उष्णता सोडते त्या हिशेबावर) संशय घेण्यात फुकट गेल्या. चोर निघालं आडवं डिफ्युजन, म्हणजे शेजारशेजारची हवा एकमेकींत मिसळणारा मॉडेलचा हिशेब. ते डोंगराबरोबर वाकलेल्या मॉडेल-पातळ्यांवरून (मॉडेलातल्या हवेच्या थरांवरून) चालत होतं. साहजिकच तळाची गार आणि उतारावरची उबदार हवा घुसळली जायची. त्याचा पर्याय १ वरून २ केला, म्हणजे हिशेब खऱ्या आडव्या रेषेत. सर्वांत खालची पातळीही जमिनीलगत आणली. मग उभ्या चढांवर रन कोसळू लागला; म्हणून टाइमस्टेप, म्हणजे हिशेबाचं एकेक पाऊल, २ सेकंदांचा १ केला. पहाटे साडेपाचला तळ माथ्यापेक्षा गार, वारा जवळजवळ बंद. आई म्हणाली, "हे मी खिडकीतून सांगितलं असतं."